मागच्या दोरीवरच्या चादरी

“ऑपरेशनची खोली कुठाय?” आईने तिसऱ्यांदा विचारलं.

“अगं, इथे नसते ती,” लेक म्हणाली. तिला आठवा लागला होता. “काही अडलं तर मोठ्या हॉस्पिटलात नेतात. माझं सगळं नॉर्मल आहे, डॉक्टरच म्हणाल्या ना?”

“म्हणायला काय जातंय त्यांचं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.”

प्रसूती केंद्र म्हणजे चार खोल्यांचं बैठं घर. आज नाव नोंदवायचं होतं, आणि आईने हो म्हटल्याशिवाय नोंदवणार नाही असं लेकीनेच कबूल केलं होतं. सुईणबाई हसतमुख, नखं कापलेली, बोलणं शांत. घाबरलेल्या माणसाला एखादी खोट सापडली की जरा आधार मिळतो. आईला तीही सापडेना.

बावीस वर्षं ती मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. बाळंतिणीचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, वरून यायच्या त्या फक्त चादरी. बऱ्या बाळंतपणाची चादर धुतली की विसरायची. वाईट मात्र एकूण एक लक्षात होत्या. एक तर रक्ताने इतकी जड झाली होती की दोघींनी मिळून उचलावी लागली. लेकीने या केंद्राचा विषय काढल्यापासून तीच रोज डोळ्यांपुढे येत होती.

“हॉस्पिटलात पोचायला किती वेळ?”

“नऊ मिनिटं,” सुईणबाई म्हणाल्या. “पण आम्ही वाट बघत बसत नाही. जरा शंका आली की हलवतो.”

नऊ मिनिटांत चादरीचं काय होतं ते आईला ठाऊक होतं. पाणी पिते म्हणून ती उठली आणि मागच्या दाराने थेट अंगणात गेली.

दोरीवर सहा चादरी वाळत होत्या. तिने एकेक उजेडात धरली. कुणीतरी घाईने गरम पाण्यात बुचकळल्या होत्या, त्यामुळे डाग पुरते निघाले नव्हते. फिकट, तळहाताएवढे. सहाच्या सहा बऱ्या. बऱ्या चादरीकडे इतका वेळ तिने कधी बघितलंच नव्हतं.

“आई, काय करतेस हे?” लेक दारात उभी होती.

“धुवायची अक्कल नाही यांना. रक्ताला आधी गार पाणी लागतं.”

“म्हणजे इथे नको?”

आईची भीती गेली नव्हती, जाणारही नव्हती. तिने चादर कोपऱ्याला कोपरा लावून परत दोरीवर घातली.

“घाल नाव,” ती म्हणाली. “पण तुझी चादर माझ्याकडे द्यायची. ती मीच धुणार.”