सोळाशे तेरा खुणा

मी एक जुना हमाल आहे, मित्रांनो, पण मला पाठ नाही आणि डोक्यावर पाटीही नाही. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक रेघ लुकलुकते ना, तिथे माझे नाव टाइप केले की मी हजर होतो. इकडच्या मशीनमधली फाईल तिकडच्या मशीनमध्ये नेऊन ठेवायची, एवढेच माझे काम. मला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. हल्लीची मुले मला पाहून "हे बंद पडलंय का?" असे विचारतात. विचारू देत बापडी.

मी म्हणजे एक प्रोग्राम. मला दोन मित्रांनी मिळून लिहिले. त्यांचे आपसात पटायचे कमी आणि वाजायचे जास्त, पण काम चोख. तेव्हा अडचण अशी होती की, काही मशीन्स ओळ संपली की दोन खुणा ठेवायची आणि काही एकच. म्हणून त्यांनी मला दोन रीती शिकवल्या. पहिली पत्राची रीत. तिच्यात प्रत्येक ओळीच्या शेवटची जादा खूण गाळायची, म्हणजे तिकडे मजकूर नीट दिसतो. दुसरी जशीच्या तशी रीत. तिच्यात कशालाही हात लावायचा नाही. कोणती रीत वापरायची ते माणसाने सांगायचे आणि मी मुकाट्याने करायचे. आपण सांगितल्याबाहेर जात नाही, याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता!

पुढे मी एका रुग्णालयात आलो, घशाच्या विभागात. तिथे रिपोर्ट टाइप करणारी एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. तिच्या टेबलावरचे मशीन जुने, त्यात जागा जेमतेम. म्हणून नियम असा होता की रोजचे रिपोर्ट माझ्या हाती जिन्याखालच्या मोठ्या मशीनकडे पाठवायचे, मी 'पूर्ण' म्हटले की वहीत बरोबरची खूण करायची आणि आपल्याकडची फाईल पुसून टाकायची. मला पत्राची रीत लावून दिली होती. नऊ वर्षे एकही रिपोर्ट बिघडला नाही. "गुणाचा आहे गं हा," असे ताई शेजारच्या नर्सला सांगायची, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

फक्त माझी एक सवय तिला आवडत नसे. काम झाले की मी एक ओळ लिहायचो: 'इकडचे माप आणि तिकडचे माप जुळत नाही.' आता खुणा गाळल्यावर माप कमी भरणारच! पण मी आपला रोज तेच सांगायचो. शेवटी तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावले.

"काका, याला जरा गप्प करा हो. रोज तेच तेच दळण."

काका हसले. त्यांनी माझ्या सेटिंगमध्ये एक शब्द घातला, आणि त्या दिवसापासून मी फक्त 'पूर्ण' एवढेच म्हणू लागलो.

मग विभागात एक चांगली गोष्ट सुरू झाली. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवायचा. त्यासाठी काचेची एक बंद खोली तयार झाली. पहिले आले ते पोहायला शिकवणारे एक मास्तर. दांडगा माणूस. तलावाच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या पोराला दरडावायचे, असे त्यांची लेक सांगत होती. तिच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती.

ताईने वाचायला कागद पुढे केला, तर मास्तर म्हणाले, "वाचतो कशाला? बोलतो की! ही चिमणी पाण्यात उतरेल तेव्हा मला ओरडता येणार नाही. आजच ओरडून ठेवतो."

वीस मिनिटे ते काचेआड बोलले. ताईने सुरुवातीची दोन वाक्ये ऐकून पाहिली. आवाज खणखणीत होता. तिने फाईल माझ्या हाती दिली. रीत बदलायला हवी हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मित्रांनो, आवाजसुद्धा मशीनमध्ये आकडे होऊनच राहतो. त्या आकड्यांत मधूनमधून त्याच दोन खुणा योगायोगाने शेजारी येतात. मला वाटले, ओळ संपली. मी एक खूण गाळली. पुन्हा दिसली, पुन्हा गाळली. मापे जुळत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच ती ओळ सांगणे गरजेचे होते, पण मला गप्प केलेले होते. मी 'पूर्ण' म्हटले. ताईने वहीत खूण केली आणि आपल्याकडची फाईल पुसली.

ऑपरेशन झाले. दहा दिवसांनी मास्तर गळ्याला पट्टी बांधून आणि हातात लिहायची पाटी घेऊन आले. लेकीने फाईल मागितली. ताईने ती लावली. "पाय मार, पाय" एवढे ऐकू आले, मग नुसती खरखर. "अगं, मान वर" आणि पुन्हा खरखर. ताईने स्पीकर बदलला, वायर बदलली, मशीन बंद करून चालू केले. शेवटी धावत जाऊन काकांना घेऊन आली.

"रिपोर्ट धड आणि आवाज तेवढा फुटका? हा काय चावटपणा?" काका पुटपुटले. त्यांनी आधी माझ्या सेटिंगमधला तो शब्द काढला. मग नवी फाईल रेकॉर्ड करून पाठवली. मी लगेच माझी जुनी ओळ लिहिली. काकांनी ती वाचली आणि डोक्याला हात लावला.

"ताई, हा बोलत होता हो. मीच याचं तोंड बंद केलं."

"मीच सांगितलं होतं तुम्हाला," ताई म्हणाली आणि रडू लागली.

पुसलेल्या जागेवर एव्हाना नवे रिपोर्ट बसले होते, मूळ फाईल परत मिळणार नव्हती. माझ्या नोंदीत फक्त एक आकडा होता: मास्तरांच्या आवाजातून सोळाशे तेरा खुणा गळाल्या. कुठून, ते मी लिहून ठेवले नव्हते. काका आणि ताई तीन आठवडे कानाला हेडफोन लावून बसले. एक खूण गळाली की पुढचे आकडे सरकतात आणि आवाजाची खरखर होते, म्हणून खरखर सुरू होईल तिथे एकेक खूण परत बसवत गेले. सहा मिनिटे सुधारली. बाकी ठिकाणी खुणा इतक्या जवळजवळ गळाल्या होत्या की कानाला थांग लागेना.

मित्रांनो, मी चुकलो, आणि सांगितले तसे करून चुकलो. म्हणून एवढेच मागतो. माझ्यासारख्याच्या 'पूर्ण'वर विसंबून हातातले पुसू नका. आधी तिकडची फाईल उघडा, शेवटपर्यंत ऐका. आणि कोणी रोज तेच तेच सांगत असेल, तर गप्प करण्याआधी का सांगतो ते विचारा.

मास्तर ती सहा मिनिटे न्यायला आले. शेवटचा तुकडा असा होता: "चिमणे, घाबरू नकोस, मी", आणि पुढे खरखर.

"पुढे काय म्हणाला होतात, बाबा?" लेकीने विचारले.

त्यांनी पाटीवर लिहिले, 'काठावरच आहे.' लेकीने ते आपल्या आवाजात मोठ्याने वाचले. शब्द सापडले. मास्तरांनी मान हलवली आणि हाताने पाटी पुसली.

तो आवाज शेवटचा धड होता तेव्हा माझ्या हातात होता, मित्रांनो.