मळलेला आवाज

हे कुणालाही पटायचं नाही, आणि ज्याला पटेल त्याची प्रकृती घरच्यांनी एकदा दाखवून आणावी. पण एका नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी चक्क पेनड्राइव्हला साबण लावून आंघोळ घातली गेली, आणि त्यातलं तान्हं बाळ नंतर असं काही रडलं की तसं रडणं पुन्हा कुणी ऐकलं नाही.

बाळ ताईचं. ताई नाटकाला आवाज देणारी. म्हणजे दाराची कडी, फोनची घंटा, वादळ, सगळं तिच्या बोटाखाली. मंडळीत वयानं लहान, पण ताई म्हटल्याशिवाय तिच्याकडे काही मागायची कुणाची टाप नव्हती. नाटक सगळं तिसऱ्या अंकावर उभं होतं. आई घर सोडून निघते, उंबऱ्यापर्यंत पोचते, आणि आत पाळण्यात बाळ रडतं. त्या रडण्यावर तिचा पाय थांबला पाहिजे. ते रडणं ताईनं स्वतःच्या मुलीचं टिपून ठेवलं होतं, ती पाळण्यात होती तेव्हाचं. आता मुलगी शाळेत जात होती. रडण्याआधी ती वकिलासारखी कारणं सांगायची. तसलं रडणं पाळण्याच्या काय कामाचं? ज्या फोनवर टिपलं तो फोन कधीच बिघडून गेला होता. उरली होती एकच नक्कल, पेनड्राइव्हवर. आणि त्या दुपारी घरून निघताना ताईनं तो घाईघाईत लॅपटॉपमधून ओढून काढला, काढू का म्हणून न विचारता.

नाट्यगृहातला संगणक विंडोजऐवजी लिनक्सवर चालायचा. इतका जुना, की तो घरघरत सुरू झाला की पुढच्या रांगेतले लोक तिसरी घंटा झाली समजून मोबाइल बंद करायचे. ताईनं पेनड्राइव्ह खोचला. पडद्यावर काही उमटलं नाही. काढून मागच्या खाचेत घातला. त्याचा दिवा लुकलुकला, संगणक मात्र ढिम्म.

दिग्दर्शक पाठीशी येऊन उभे राहिले. त्यांना सगळे तात्या म्हणत, आणि तात्या जितके चिडत तितके हळू बोलत. आता तर त्यांचे नुसते ओठ हलत होते. बोक्याला विंगेत उभा करतो, असं त्यांचं म्हणणं. बोका म्हणजे मंडळीतला विनोदी नट. त्यानं तिथल्या तिथे बाळ रडून दाखवलं, तर मागच्या गल्लीतली मांजरं खिडकीत येऊन बसली.

"तात्या, माझी मुलगी म्याव करत नाही," ताई म्हणाली. "तिसऱ्या अंकाला वेळ आहे. बाजूला व्हा, उजेड अडतोय."

तिनं हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली आणि जोडलेल्या ड्राइव्हची यादी मागितली. यादीत पेनड्राइव्ह होता, मापही बरोबर होतं. फक्त तो कुठे उघडलाय हे सांगणारा रकाना कोरा. पाहुणा दारात उभा, घरातल्यांना दिसतोय, पण आत या म्हणायला कुणी तयार नाही. ताईला उलट हुरूप आला. पेनड्राइव्ह मेला असता तर नावसुद्धा आलं नसतं. संगणक आपण होऊन आत घेत नाही ना, मग आपण हाताला धरून नेऊ, म्हणून तिनं माउंट करायचा, म्हणजे ड्राइव्ह उघडून आत घ्यायचा, हुकूम स्वतः लिहिला. उत्तर आलं: व्हॉल्यूम इज डर्टी.

ताईला अर्थ कळला. संगणकाच्या भाषेत व्हॉल्यूम म्हणजे ड्राइव्हमधली साठवण. ओढून काढल्यामुळे आतली आवराआवर अर्धी राहिली होती, आणि तशा ड्राइव्हला हात लावायला संगणक बिचकत होता. पण तेवढ्यात तात्यांनी तिला स्पीकर तपासायला मंचावर बोलावलं, आणि ती ओळ पडद्यावर तशीच राहिली.

ती वाचली रंगभूषेवाल्या दादांनी. नाटकवाल्यांच्या जगात व्हॉल्यूम म्हणजे आवाज, दुसरा अर्थच नाही. दादांनी वाचलं, आवाज मळलाय. त्यांचा जन्म लोकांची तोंडं स्वच्छ करण्यात गेलेला. त्यांनी पेनड्राइव्ह उपसला, बेसिनवर नेला आणि साबण लावून दाढीच्या ब्रशानं असा घासला, की कानामागचासुद्धा मळ राहू नये.

ताई परतली तेव्हा खाच रिकामी होती आणि पेनड्राइव्ह आरशाच्या दिव्यांखाली, रुमालावर पालथा निजला होता. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पाणी गार होतं का कोमट?"

"कोमट," दादा म्हणाले. "बाळ आहे ना आत."

ताईनं केसातली पिन काढून पेनड्राइव्हचं कवच उघडलं, पाणी झटकलं आणि केसांचे टोप वाळवायचा ड्रायर गार हवेवर लावला. बोका म्हणाला, घालून तरी बघ. ती म्हणाली, ओला घातला तर उरलंसुरलंही जळेल. पडदा उघडला. पहिल्या अंकाचे आवाज संगणकातच होते, म्हणून एका हातानं फोनची घंटा आणि दुसऱ्या हातात ड्रायर, असा तिनं तो अंक काढला. ड्रायरची घूं घूं ऐकून प्रेक्षकांना वाटलं बाहेर वारा सुटलाय. नायिकेनं तर उठून कापडावर रंगवलेली खिडकी लावून घेतली. दुसरा अंकही तसाच गेला. विंगेत बोका म्याव घोटत होता. ताईनं हात बदलला, ड्रायर सोडला नाही.

मध्यंतरात तिनं कोरडा ठणठणीत पेनड्राइव्ह पुन्हा खोचला. यादीत नाव आलं. माउंट करायला गेली, तर पुन्हा तीच तक्रार, मळलाय. दुरुस्ती चालवावी, तर संगणक आत काहीतरी लिहिणार, आणि नेमकं रडण्यावरच लिहिलं तर? मग तिनं हुकुमाला एक अट जोडली: आत काही ठेवायचं नाही, काही हलवायचं नाही, फक्त वाचू दे.

संगणक काहीच बोलला नाही. आणि लिनक्सची हो म्हणायची रीत हीच, की तो गप्प बसतो.

फाइल दिसली. ताईनं ती आधी संगणकात उतरवून घेतली आणि मगच हेडफोन कानाला लावला. तात्या तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं हो म्हणून मान हलवली. मग या खेपेला नीट निरोप देऊन पेनड्राइव्ह काढला आणि मुठीत ठेवला.

तिसऱ्या अंकात आई उंबऱ्यावर आली आणि बाळ रडलं. नायिकेचा पाय उचललेला तसाच राहिला. तात्या विंगेत खाली बसले. आणि खरं नवल तर पुढेच आहे. मूळ रेकॉर्डिंगमध्ये मागे पंख्याची खरखर होती, ती साबणानं पार निघून गेली होती! आवाज कसा न्हाऊन आल्यासारखा लख्ख. त्या दिवसापासून लांबलांबचे ध्वनीवाले आपापले पेनड्राइव्ह घेऊन दादांच्या बेसिनपुढे रांग...

"खोटं," ऐकणाऱ्यांत बसलेली ताई गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच तोडत म्हणाली. "खरखर अजून तश्शी आहे, घरी या, ऐकवते. आणि दादा त्या वेळी आलेलेच नव्हते. पडद्याची दोरी सोडून माझ्या पोरीला आंघोळ घालायला तुम्ही गेला होतात, काका."