दुसरी

कांद्याची पात कापता कापता पोरगी टेम्पोवाल्याच्या कसल्याशा बोलण्यावर खळखळून हसली, तोच बापानं हातातली पाटी बांधावर आपटली.

"दात काढू नकोस. अगदी तिच्यावर गेलीय."

ती म्हणजे आत्या. बापाची धाकटी बहीण. पोरगी जन्मायच्या आधी बाजाराला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. पुढं पोरीचे नाक-डोळे तिच्यासारखे निघाले आणि गावानं पोरीला नावच पाडलं, दुसरी. पंधरावं सरून पोरगी अंगानं भरली, तसा बाप डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवू लागला. केस मोकळे सोडले, आत्याचं वळण. आरशापुढं थांबली, आत्याचं वळण. गप्प बसली, तर मनात काहीतरी शिजतंय, आत्यासारखं.

पोरीचं अन्न तुटलं. नखं खाऊन खाऊन बोटं सोलवटली. आरशात बघितलं की वाटायचं, हे तोंड आपलं नव्हेच, कुणाचं तरी जुनेर अंगावर चढवलंय. आईजवळ बोलली, तर आई पीठ मळता मळता म्हणाली, "जरा दमानं घे. त्यांची जुनी जखम आहे ती."

"जखम त्यांना झाली, मग पट्टी मी का बांधून फिरू?"

आईनं परातीत आणखी पाणी ओतलं आणि मळत राहिली.

पण आज पाटी आपटली आणि पोरीचं डोकं फिरलं. बाप पाणी प्यायला विहिरीकडं वळताच तिनं विळा सरीत टाकला आणि टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर चढून बसली. आत्या बाजारपेठेत शिवणकाम करते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

दुकान कसलं, जिन्याखालची अडगळ. मशीनवर एक जाडसर बाई मान खाली घालून बाही जोडत होती.

"कापड आणलंय का?"

"मी तुमच्या भावाची मुलगी."

मशीन थांबलं. बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यात मायेचा लवलेश नव्हता. "पाणी पी आणि जा. त्या घरचं कुणी नको मला."

"मलाही तुम्ही नकोच. तुमच्यापायी माझं जिणं हराम झालंय. हसले तरी तुम्ही, रुसले तरी तुम्ही. माझं म्हणून काही उरूच दिलं नाही."

आत्यानं चष्मा काढला. "मी हसायचे, असं सांगतो तो? त्या घरात माझ्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता. फुटला असता तर चोरासारखी गेले नसते. आणि तू परक्या दारात उभी राहून मला फैलावर घेतेस. खाण तशी माती म्हणतात ना, तर तुझी खाण मी नव्हे. हा ताठा, ही जीभ, थेट तुझ्या बापाची."

पोरगी आणखीच पेटली. "मला त्यांच्यासारखंही व्हायचं नाही."

"मग नको होऊस. पण ते माझ्या दुकानात ठरायचं नाही. टेम्पो सुटेल, नीघ."

दिवेलागणीला ती परतली, तेव्हा बाप अंगणात काठी घेऊन उभा होता. आई दाराआड.

"कुठं गेली होतीस?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "आत्याकडं."

काठी वर गेली. पोरगी मागं सरली नाही.

"मारायचं तर मारा. तिला तुमच्यापुढं बोलता आलं नाही, म्हणून ती गेली. मी बोलणार. इथंच राहून, रोज."

"घरात पाऊल टाकू नकोस."

"घर माझंही आहे."

बाप तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग काठी भिंतीला टेकवून गोठ्यात गेला, तो जेवायलाही आला नाही.

काढणी उरकेस्तोवर बापलेकीत बोलणं नव्हतं. ती तिच्या सरीत, तो त्याच्या. एका दुपारी बांधावरनं जाणारा शेजारी म्हणाला, "तुझी दुसरी बरी राबतेय की रे."

"दुसरी कशाची," बाप मान वर न करता खेकसला. "पहिली निदान निमूट गेली. ही अवदसा जन्मभर माझ्या उरावर बसून भांडणार आहे."

शिवी झोंबली पोरीला. पण आजवरच्या शिव्यांत ही पहिली, जी तिच्या एकटीच्या वाट्याची होती.