थोरलीची पंचमी

कंपनीचं नाव बदलायचं ठरलं तेव्हा इंद्रजितला वाटलं होतं, अवघड काम नवं नाव शोधण्याचं असेल. ते सोपं निघालं. मिरजेजवळ साखरेच्या आणि खताच्या वाघिणी ओढणारी कृष्णाकाठ रेल्वे वाहतूक कंपनी पुण्याच्या सल्लागारांनी चहा निवायच्या आत ‘क्रिवा’ करून टाकली. क्रिवा म्हणजे काय ते कुणालाच सांगता येईना. तेच तर तिचं बळ आहे, असं सल्लागार म्हणाले.

अवघड निघाली ती थोरली.

थोरली म्हणजे कंपनीचं सगळ्यात जुनं डिझेल इंजिन. नव्या निळ्या-पांढऱ्या इंजिनांशेजारी ती उभी असली की फोटोत कंपनी म्हातारी दिसायची. कंपनीच्या साहेबांनी तिला भंगारात काढलं. पण दर खंडेनवमीला तिच्यापुढे नारळ फोडणारी कामगारांची चाळ उठून यार्डाच्या फाटकात येऊन बसली, आणि सगळ्यांच्या पुढे बसली राहीबाई. तिचे मालक नानासो हे थोरलीचे ड्रायव्हर; नुकतेच निवृत्त झालेले.

साहेबांनी इंद्रजितला बोलावलं. तो कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी. मूळचा साताऱ्याचा, एम. ए. झालेला. एम. ए. झालेल्या माणसाला काहीतरी सुचायलाच हवं, असं साहेबांचं मत होतं. त्याला सुचलं. तो फाटकात गेला आणि म्हणाला, थोरली भंगारात चाललेली नाही, साताऱ्याच्या संग्रहालयात चाललीय. आपण तिला लेकीसारखी सासरी पाठवू.

चाळ उठली. बायकांनी थोरलीला हिरवं लुगडं पांघरलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. राहीबाई रडली. ट्रेलर साताऱ्याच्या रस्त्याला लागला आणि, ठरल्याप्रमाणे, इस्लामपूरच्या अलीकडे भंगारवाल्याच्या आवारात वळला. फोटो फार चांगले आले. सांगलीच्या नाक्यावर भला मोठा फलक लागला: ‘क्रिवा. वारसा जपणारी माणसं.’ त्यावर राहीबाई पदर डोळ्यांना लावून उभी होती. असं रडणं विकत मिळत नाही, हेही सल्लागारच म्हणाले.

एक गोष्ट मात्र इंद्रजितच्या ध्यानात राहिली नाही. सासरी गेलेल्या लेकीला पहिल्या नागपंचमीला माहेरचं माणूस आणायला जातं. स्वतःच्या बहिणीला आणायला तो स्वतः मुराळी म्हणून गेला होता, तिच्या सासरी जेवून, टॉवेल-टोपी घेऊन आला होता. तरी राहिली नाही.

श्रावण लागला आणि राहीबाई ऑफिसात आली.

“थोरलीकडं जायाचं हाय,” ती म्हणाली. “गाडी काढा सायेब.”

काकी, इंजिन आहे ते, असं तो हसत म्हणाला.

“आमाला बी ठावं हाय इंजन हाय ते. माघारी आणा कुठं म्हंती मी? बांगड्या भरू, दिंडं दावू, यिऊ परत. सासरी धाडली म्हनलं ते तुमीच. मग पैल्या पंचमीला कुणी जायाला नको व्हय?”

इंद्रजितनं हो म्हटलं. मनात बेत तयार होता. साताऱ्यापर्यंत जायचं, संग्रहालय आज बंद निघालं म्हणून हळहळायचं, नवरा-बायकोला कंदी पेढे घेऊन द्यायचे आणि परत फिरायचं.

पंचमीला नानासो पुढच्या सीटवर बसले, मुराळी म्हणून फेटा बांधून. मागं राहीबाई, मांडीवर पुरणाच्या दिंडांचा डबा. वाटेत ती कासाराची गंमत सांगत होती. सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या दे म्हटल्यावर त्यानं विचारलं, कुणाला? ती म्हणाली होती, लेकीचं मनगट जरा जाड हाय. नानासोंनी बांगड्या इंजिनाच्या कुठल्या दांड्याला अडकवायच्या ते ठरवूनच ठेवलं होतं. आष्ट्याला उतरून त्यांनी हार घेतला.

आष्टा मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, “तितं छप्पर हाय न्हवं? जल्मभर उनात हुबी हुती.”

“आहे,” इंद्रजित म्हणाला.

“मंग झालं,” मागून राहीबाई म्हणाली. “सायेब, सख्ख्या मामानं बी एवढं चांगलं स्थळ आणलं नसतं.”

भंगारवाल्याची पत्र्याची भिंत उजव्या हाताला दिसू लागली होती. ती ओलांडायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. इंद्रजितनं गाडी कडेला घेतली.

“काकी, थोरली इथं आहे,” तो म्हणाला. मग गाडीची चावी काढून म्हणाला, “होती.”

आवारातल्या माणसानं त्यांना जागा दाखवली. तेलानं काळी झालेली जमीन, बाकी काही नाही. आल्या आल्याच गॅसनं कापली, त्यानं सांगितलं, आणि यांना बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाला की लोखंड मात्र एक नंबर निघालं. नानासोंनी फेटा उतरवला आणि त्याची घडी घालत बसले. ती घडी काही जमेना. राहीबाईनं हार काळ्या मातीवर ठेवला, एक दिंड ठेवलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं इंद्रजितला वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला लाज वाटली.

“साताऱ्याचं स्थळ लय जवळ निघालं,” ती एवढंच म्हणाली.

परत येताना ती पुढं बसली. कागदातून बांगड्या काढून तिनं त्या गाडीच्या गिअरच्या दांड्यात एकेक करून सरकवल्या. माप बरोबर बसलं.

“तुमीच आणलं हुतं स्थळ,” ती म्हणाली. “तुमच्यापाशी असू द्या.”

पहिला गिअर टाकला तशा त्या वाजल्या. दुसऱ्यालाही वाजल्या. आष्ट्याच्या बाजारात तर पावलोपावली वाजल्या. मागं नानासो खिडकीबाहेर बघत होते. राहीबाई समोर बघत होती.

सांगलीच्या नाक्यावर सिग्नल लाल झाला. वर फलकावर राहीबाई रडत होती. इथं शेजारी ती मांडीवर मोकळा कागद घेऊन कोरड्या डोळ्यांनी बसली होती. सिग्नल हिरवा झाला. इंद्रजितचा हात गिअरकडे जाईना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या.