खार फुटलेल्या शेताचा विळा

मी विळा बोलतोय. लोखंडाचा नव्हे, मातीचा. हसायचं असेल तर हसून घ्या, पण मला नको, त्यांना हसा. ज्या मुलखात चिखल, बोरू आणि माशा यांच्याशिवाय काही मिळत नाही, तिथेच राहायचं ठरवून वर स्वतःला शहाणी म्हणवणाऱ्या त्या माणसांना. दगड नाही, म्हणून त्यांनी चिखलाचं घर केलं, चिखलाचा देव केला आणि चिखलाचाच मी.

फरात, म्हणजे तुमच्या युफ्रेटिस नदीच्या एका पाटाकाठी, दुबा कुंभाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्यानं मला इतकं भाजलं की अंगावर हिरवट झाक आली आणि धार काचेसारखी झाली. मला घडवून घेणारी गेमेती डावखुरी होती, म्हणून माझा बाकही उलट्या बाजूला.

"डाव्या हाताला वेगळा विळा!" दुबा हसला. "उद्या तिरळ्या बकरीसाठी वेगळं गवत मागशील."

"बकरीला गवत तरी ओळखता येतं," गेमेती म्हणाली. "तुला कच्चा विळा ओळखता येत नाही. अजून भाज."

गेमेतीचं शेत पाटाच्या शेवटाला होतं. ते तिच्या आईकडून तिला आलं होतं आणि त्यात गहू व्हायचा. त्या गव्हाच्या भाकरीचा तिला केवढा ताठा! शेजारणींनी सातूची लापशी रांधली की ती नाक मुरडायची. "सातू बैलांनी खावा," असं म्हणायची, तेही शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात.

पूर्वी ते गाव म्हणजे मूठभर झोपड्या होत्या. तसंच राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माणसाचं पोट भरतं, डोळे भरत नाहीत. धान्य उरलं, म्हणून पोरं वाढली. पोरं वाढली, म्हणून नवा पाट खणला. पाट आला तशी पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटू लागली. मग भांडण सोडवायला एक माणूस नेमला. त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतः कुदळ धरायचं सोडलं. अशा कुदळ सोडलेल्या माणसांचा घोळका एका जागी जमला, त्यांनी देवीचं उंच मंदिर बांधलं आणि त्या सगळ्या पसाऱ्याला नगर म्हणायला लागले. यालाच तुम्ही लोक मोठ्या आदरानं काहीतरी म्हणता म्हणे.

मंदिराचा कारभारी लुगुद. मऊ हातांचा, मऊ आवाजाचा. त्यानं गावोगाव एक नियम सांगितला: ज्या शेतात यंदा बी पडलं नाही, ते देवीचं.

आता, एक वर्ष पेरायचं आणि एक वर्ष जमिनीला पडून राहू द्यायचं, ही तिथली जुनी रीत. सगळ्यांना ठाऊक असलेली. पण शेत जाईल या भीतीनं सगळेच दरवर्षी पेरू लागले, दरवर्षी पाणी तुंबवू लागले. कुणी एकानंही लुगुदला विचारलं नाही की देवी गहू कापायला येणार आहे का. मेंढरं तरी लांडगा दिसल्यावर ओरडतात.

जमिनीतून मिठाचा खार फुटू लागला. आधी बांधाच्या कडेनं पांढरी रेघ दिसली, मग जागोजागी ठिपके आले. गेमेतीचा गहू वीतभर वाढून पिवळा पडला.

शेजारीण निनशू बांधावर येऊन म्हणाली, "अगं, सातू टाक. सातूला खार सोसतो. शेत तरी हातात राहील."

"तुझं तू बघ."

"बघतेच आहे. माझ्या घरात लापशी शिजते, तुझ्या घरात नुसतं नाक वर."

तेवढंच निमित्त पुरलं. गेमेतीनं पुन्हा गहूच पेरला. खार धुऊन काढायचा म्हणून तिनं आणि तिचा नवरा उरशूल यानं, पाण्याची पाळी नसताना, पाटाचं दार फोडून शेत काठोकाठ भरलं. मीठ पाण्यानं धुतलं जातं, एवढंच त्या दोघांना माहीत. धुतलेलं पाणी वाहून जायला वाटही लागते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाणी साचलं, उन्हानं आटलं आणि जमिनीच्या पोटातलं उरलंसुरलं मीठही वर घेऊन आलं.

कापणीच्या दिवसांत ती मला घेऊन शेतात उभी राहिली. शेत पांढरंफटक होतं.

"गेमेती," निनशू ओरडली, "यंदा थेट पीठच पेरलंस की काय?"

सगळे हसले. फुटलेल्या दारातलं पाणी त्यांच्याही शेतांत मुरलं होतं. ते पुढच्या वर्षी रडले.

लुगुद आला. "ताई, जमीन देवीची झाली. तुम्ही नगरात चला. काम आहे, पेज आहे."

"मी पेरलं होतं," गेमेती म्हणाली. "नियमात बसतं."

"बी पडलं, पण उगवलं कुठे?" तो गोड हसला. नियम असा ओल्या चिखलासारखा हवा तसा वळवता येतो, हे तिला तेव्हा कळलं.

नगरात ओबडधोबड वाडग्यातून सातूची पेज मिळायची. ती गपचूप प्यायची. तिथल्या कोठारात विळे होते, सगळे उजव्या हाताचे. "इथं प्रत्येकासाठी वेगळं नसतं, बाई," कोठारवाला म्हणाला. मग ती उजव्या हातानं कापायला शिकली. मी तिच्या कमरेला नुसता लटकत राहिलो. नवऱ्याला पाट खणायला धाडलं, तो परत आला नाही.

पुढे मंदिराभोवती भिंत बांधायचं ठरलं. विटांसाठी चिखल कुठून आणायचा? लुगुदनं डोकं चालवलं: जिथे काही पिकत नाही, तिथून.

विटा आल्या. गेमेती त्या डोक्यावरून वाहत होती. एक वीट तिनं उन्हात धरली, तिच्यावर पांढरी झाक होती. तिनं जीभ लावली आणि जागच्या जागी थांबली.

"काय गं, भूक लागली का?" मुकादम ओरडला. "वीट बरी आहे ना?"

खारट वीट टिकत नाही, पायाकडून भुगा होत जाते, हे विटा थापणारं पोरही जाणतं; पण पोराला विचारतो कोण? तिनं मुकादमाकडे पाहिलं, मग वर, सावलीत बसलेल्या लुगुदकडे.

"उत्तम आहे, दादा," ती म्हणाली. "अशाच आणा. भरपूर आणा."

मग तिनं मला कमरेतून सोडलं, विटांच्या दोन थरांमध्ये ठेवलं आणि वर चिखल लिंपला. आयुष्यात फक्त त्या एका क्षणी मला माणसाबद्दल तुच्छता वाटली नाही.

आता मी त्याच भिंतीच्या ढिगाऱ्यात आहे. हल्ली काही लोक जुनी माती उकरायला कुंचले घेऊन येतात, भिंतीच्या बुडाशी उकिडवे बसतात आणि म्हणतात, "काय थोर माणसं होती!" तुम्हीही कधी आलात तर खुशाल म्हणा, तोंड तुमचं आहे. फक्त म्हणण्याआधी एकदा त्या भिंतीला जीभ लावून बघा.