हाल्वारची घडीची खुर्ची

ओडनीला घाट उतरायचा होता आणि वाटेत तिचा घटस्फोटित नवरा खुर्ची टाकून बसला होता.

यात अलंकार काही नाही. हाल्वार खरोखरच खुर्ची टाकून बसायचा. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठच्या त्या गावात लाँगबोर्डचं, चाकांच्या लांब फळीवरून उतार उतरणाऱ्यांचं, मंडळ होतं. त्याचा नियम होता की, थांबता आल्याशिवाय मोठ्या घाटावर कुणी सुटायचं नाही. थांबता येतं की नाही हे ठरवायला चर्चमागच्या उतारावर, रस्त्याच्या मधोमध, परीक्षक घडीच्या खुर्चीत बसे. खुर्चीच्या हाताला असलेल्या खाचेत कॉफीने काठोकाठ भरलेला कप. उमेदवाराने वरून फळीवर उभं राहून सुटायचं, वेग घ्यायचा आणि खुर्चीपुढच्या खडूच्या रेघेजवळ, पण ती न ओलांडता थांबायचं. खुर्चीऐवजी रबरी शंकू का नको, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं.

"शंकूची कुणाला दया येत नाही," हाल्वार म्हणाला होता.

नियम त्यानेच केलेला, खुर्चीही त्याचीच. त्याच नियमात त्याने ऐटीत आणखी एक कलम घातलं होतं: परीक्षकाने उठायचं नाही. उठला, तर खुर्ची गेली आणि त्याने स्वतः नव्याने परीक्षा द्यायची. हे कलम वापरायची वेळ आजवर आली नव्हती. हाल्वारच्या नाकासमोर पोरं करकचून थांबत आणि तो पापणी न हलवता कॉफीचा घोट घेई.

ओडनी आयुष्यभर फेरीबोटीची कप्तान होती. बोट धक्क्याला लावताना प्रवाशांची कॉफी हिंदकळू न देणारी बाई. निवृत्त झाल्यावर ती स्वेटर विणेल अशी गावाची समजूत होती. तिने लाँगबोर्ड घेतला. मंडळातली पोरं तिला कॅप्टन म्हणत आणि मनापासून मानत. हाल्वार मात्र तिला दोनदा नापास करून बसला होता. एकदा ती फार लवकर थांबली म्हणून. ("इतक्या लांब, की निकाल फोन करून सांगावा लागला असता.") दुसऱ्यांदा नजर खाली होती म्हणून.

"पुढे बघ गं! बुटांकडे काय बघतेस? बूट कुठे पळून जाणारेत?"

"बूट नाही जात. बाकीचे जातात," ओडनी म्हणाली होती.

नगरपालिका वर्षातून एकदाच, ऐन उन्हाळ्यातल्या सांक्ट हान्सच्या सणाला, शेकोटीच्या दिवशी, मोठा घाट गाड्यांना बंद ठेवून मंडळाला देते. तो दिवस परवावर आला होता. आज पास, तर घाट. नापास, तर पुढच्या वर्षी. आणि ओडनीच्या गुडघ्यांनी पुढच्या वर्षीचा शब्द दिलेला नव्हता.

वर सिनोवे उभी होती. मंडळाची चिटणीस, जेमतेम पंचविशीची, पण तपासणीत विमानतळावरच्या पोलिसांहून कडक. तिने ओडनीच्या फळीचे नट पिळून बघितले, तळव्याला जाड चकती लावलेले हातमोजे बघितले, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बघितला.

"कॅप्टन, कुठून सुटणार? खांबापासून?"

"पोस्टाच्या पेट्यांपासून."

"ते फार वर आहे हो!"

"लवकर थांबते म्हणतोय ना तो? आज थांबायला काहीतरी असू दे."

ती सुटली. खांबापर्यंत सगळं लोण्यासारखं. खांबाच्या पुढे वेग तिच्या ओळखीचा उरला नाही आणि फळी पायाखाली थरथरू लागली. अशा वेळी नवा माणूस घाबरून मागे झुकतो आणि दवाखान्यात सरळ होतो. ओडनीने दात आवळले, गुडघे वाकवले, सगळा भार पुढच्या पायावर टाकला. थरथर थांबली. तेवढ्यात डाव्या बाजूने काहीतरी लोकरी, हात पसरलेलं, ओरडत वर गेलं. तिने बघितलं नाही. नजर रेघेवर ठेवून ती खाली बसली, तळवा रस्त्यावर टेकला, फळी आडवी केली. चाकं किंचाळली आणि रेघेच्या वीतभर अलीकडे गप्प झाली.

तिने मान वर केली. खुर्ची रिकामी होती.

हाल्वार तिच्या मागे, चढावर, वाऱ्याला मिठी मारल्यासारखा उभा होता.

ओडनीने हातमोजे काढले, खुर्चीत बसली आणि खाचेतला कप उचलून घोट घेतला.

"अजून दोन साखरा घेतोस? डॉक्टरांना माहितीये?"

"पास! कॅप्टन पास!" पोरं धावत आली. वरून धावत उतरलेली सिनोवे मात्र हाल्वारकडे बघत होती. "हाल्वार, तुम्ही उठलात."

"उठलो नाही. धावलो."

"धावायला आधी उठावं लागतं."

"अगं, फळी थरथरत होती तिची! पडली असती तर? धरायला नको कुणी?"

ओडनीने कपात बघितलं. एवढी वर्षं संसार करून हे वाक्य तिला उतारावर ऐकायला मिळालं होतं. पण नियम तो नियम.

"पोस्टाच्या पेट्यांपासून हं," ती म्हणाली. "मी बसलेय."

हाल्वार हेल्मेट चढवून, फळी घेऊन वर गेला आणि आला तो बघण्यासारखा आला. त्याची फळी थरथरली नाही, कुरकुरली नाही. शेवटी हात टेकून असा वळला, की चाकं रेघेला टेकवलेल्या तिच्या बुटांपासून चार बोटांवर थांबली. कपावर साधा तरंग उठला नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. ओडनीने पापणी न हलवता घोट घेतला.

"नापास."

"काय?"

"पट्टा."

हाल्वारचा हात हनुवटीखाली गेला. हेल्मेटचा पट्टा शेळीच्या कानासारखा लोंबत होता. सिनोवेने कपाळाला हात लावला. गावातल्या प्रत्येकाचा पट्टा तिने ओढून बघितला होता. परीक्षकाचा ओढायचं कुणाला सुचलंच नव्हतं, खुद्द परीक्षकालाही नाही.

सांक्ट हान्सच्या दिवशी घाटात नापास माणसांना असतं ते काम हाल्वारला मिळालं: तिसऱ्या वळणावर खुर्ची टाकून मेंढ्या आडव्या येतात का बघायचं आणि रस्ता मोकळा असला की हिरवा झेंडा धरायचा. त्या कामाला हेल्मेट लागत नाही. त्याने घातलं होतं. पट्टाही लावला होता, जरा जास्तच घट्ट.

वरून चाकांचा आवाज आला. ओडनी वळणावर आली, गुडघे वाकलेले, नजर पुढे.

"बस, बस!" ती ओरडली. "उठू नकोस!"

तो उठला नाही. झेंडा दातांत होता, कारण दोन्ही हातांनी त्याने खुर्ची घट्ट धरून ठेवली होती.