पुढचा दात

“क्लारनेट आणलंय डॉक्टर. आदी हे तोंडात धरून बगू, मग दाताचं ठरवू.”

राजाजीनगरातल्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा झालेला यल्लाप्पा असं म्हणाला, तेव्हा डॉक्टर शाल्मलीचा हात तसाच थांबला. पुण्याहून इथं कानडी मुलखात आल्यापासून मराठी बोलणारा पेशंट आला की तिला बरं वाटे. पण वाद्य घेऊन आलेला हा पहिलाच.

यल्लाप्पा लग्नाच्या बँडात पहिला क्लॅरिनेटवाला. पहिला म्हणजे वरातीत पुढं, पंगतीत पुढं, आणि मालकाच्या शिव्यांत सगळ्यात शेवटी. एवढा सगळा मान वरच्या एका दातावर उभा होता. वाद्याचं तोंड टेकायचं ते त्याच्यावरच. आणि आता तोच दात ठणकत होता.

“दोन रस्ते आहेत काका,” शाल्मली म्हणाली. “रूट कॅनाल करून कॅप बसवू. दात वाचेल. पण अ‍ॅक्च्युअली, मुळाकडे चीर गेल्यासारखी वाटतेय. त्याच्यावर दाब नको. नाहीतर काढू आणि खोटा बसवू. खायला काही त्रास नाही.”

“खायाचं कोण इचारतंय? वाजवायला कुठला बरा?”

तिनं एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. “खरं सांगू? खात्री कशाचीच नाही.”

“काढून टाका की वो एकदाचा,” कोपऱ्यातून त्याची बायको गंगव्वा म्हणाली. “घरात कुणाला झोप न्हाई ह्यांच्या पायी.”

“तुझे सगळे शाबूत हायत, म्हणून तर एवढं बोलतीस!”

यल्लाप्पा उठून बसला आणि त्यानं वाद्य तोंडाला लावलं. बाहेर ताटकळलेले पेशंट दुखरे गाल धरून दाराशी आले. दोन ओळी त्यानं अशा वाजवल्या, की गंगव्वासुद्धा गप्प झाली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कळेचं होतं; पण दारातल्यांनी ते कलेच्या खात्यावर जमा केलं.

“वाचवा,” तो म्हणाला.

कॅप बसली. महिनाभर वाजवायचं नाही, असं शाल्मलीनं तिघांना बजावलं: त्याला, गंगव्वाला आणि फोनवरून बँडमालक मल्लाप्पाला. मल्लाप्पानं “सरी, सरी” म्हणत होकार भरला. माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याचं दुखणं त्याला आपलीच कुरापत काढल्यासारखं वाटे. पंधरवड्यातच तो यल्लाप्पाच्या घरी आला. “स्वल्प फुंकून तर बग. न्हाईतर हेब्बाळच्या लग्नाला पुढं शिवाप्पाला उभा करावा लागंल.”

शिवाप्पा, बँडातला दुसरा क्लॅरिनेटवाला, सुरात वाजवी, पण पुढं उभा राहावा एवढा नव्हे. निदान यल्लाप्पाचा हिशेब तसा होता. तो हेब्बाळला गेला. वरात मांडवाच्या दाराशी येईपर्यंत दात टिकला. तिथं लांबवायच्या सुरावर त्यानं नेहमीसारखं वाद्य दाबून धरलं आणि टाळूपर्यंत कळ गेली. दात मुळातूनच चिरला होता.

मग काढण्यावाचून राहिलंच काय? शाल्मली एका शब्दानं रागावली नाही, हे त्याला जास्त लागलं. खोटा दात दिसायला छान होता. भाकरी तुटायची, शीळही यायची. वाद्य टेकवलं की मात्र टाळूला बसवलेली दाताची पट्टी सरकायची आणि सुराच्या जागी नुसता वारा.

“घरी बसू नको,” मल्लाप्पा म्हणाला. “लग्नवाल्या पार्टीला डोकी मोजून लागतात. ड्रेस घाल, क्लारनेट धर, उभा ऱ्हा. वाजवणारे वाजवतील.”

यल्लाप्पानं क्लारनेट पेटीत घालून कडी लावली. पण रविवारी गंगव्वानं लाल कोटाला इस्त्री केली, तेव्हा तो नको म्हणाला नाही.

बसवनगुडीच्या लग्नात तो दुसऱ्या ओळीत उभा होता. पुढं शिवाप्पा वाजवत होता. यल्लाप्पाची बोटं प्रत्येक सुराला बरोबर भोकावर पडत होती. एक चुकत नव्हतं. नवरीचे मामा त्याच्यापाशी येऊन थांबले, डोळे मिटून त्यांनी मान डोलावली.

“वा अण्णा! काय गोड हात आहे तुमचा!”

यल्लाप्पानं वाद्य तोंडातून न काढता मान लववली, आणि पुढची ओळ आली तसे गाल फुगवले.